मोठी एकदा 'नाही' म्हणाली

आमच्या घराचं एक वाक्य आहे. दाराशी येऊन कुणी कुणाचीही चौकशी केली, की आम्ही ते म्हणतो: "इथं कोण आहे आणि कोण नाही, हे आम्ही कुणालाच सांगत नाही. तुम्ही जेवलात का?" शब्द हेच, क्रम हाच. मग विचारणारा पोलीस असो, पाद्री असो, नाहीतर कुणाची आई असो.

वाक्य मोठीचं. मोठी म्हणजे आमची मोठी सिस्टर, या घराची प्रमुख. चर्चच्या मागच्या अंगाला आमची दुमजली इमारत आहे. खाली जेवणघर, तिथं दुपारी जो येईल त्याला पोटभर जेवण मिळतं आणि नाव कुणी विचारत नाही. वर खोल्या आहेत. नवऱ्याच्या, भावाच्या, कधी पोटच्या पोराच्या मारातून सुटून आलेल्या बायका तिथं राहतात. रस्त्यावरची पाटी फक्त जेवणघराची. मी स्वयंपाकीण, सगळे मला मावशी म्हणतात. मी त्यांच्या पंथाची नाही आणि सिस्टर लोकांचा गोडवा मला फार वेळ सोसतही नाही. पण पातेली माझी आहेत, आणि त्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालत नाही, म्हणून टिकून आहे.

त्या वाक्यावरून माझं आणि मोठीचं एकदा कडाक्याचं वाजलं होतं. एक म्हातारी हरवलेल्या भावाला शोधत आली होती. हाताला कंप, पायात दोन वेगळ्या चपला. तिचा भाऊ आमच्याकडे कधीच आलेला नव्हता. मला पक्कं ठाऊक होतं, कारण जेवायला येणारा प्रत्येक चेहरा माझ्या खिडकीसमोरून जातो. एक 'नाही' म्हटलं असतं तर बिचारी पुढच्या दाराला लागली असती. मोठीनं तिला वाक्य ऐकवलं आणि जेवायला वाढलं. म्हातारी अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून राहिली, भाऊ बाहेर येईल म्हणून.

"सिस्टर, तुमच्या छातीत आहे काय, दगड?" मी विचारलं.

"मावशी, आज हिला 'नाही' म्हटलं," ती म्हणाली, "तर उद्या ज्याला आपण 'नाही' म्हणणार नाही, त्याला आपोआप उत्तर मिळेल. जे इथं नाहीत त्यांच्याबद्दल गप्प बसलो, तरच जे आहेत त्यांच्याबद्दल गप्प बसता येतं."

मला ते पटलं. पटलं म्हणून आणखीच राग आला, आणि त्या दिवशी मी सुपात मीठ जरा जास्तच टाकलं.

जेवायला येणाऱ्यांची नावं विचारायची नाहीत, हा नियम मात्र माझ्या सोयीचा आहे. नावं मीच ठेवते. एक आहे रेडिओ. वय झालेला, कधीकाळी गोदीत हमाली केलेला माणूस. तोंडात पावाचा तुकडा असला तरी त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. आणि एक होता इस्त्री.

इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीवर सुरीसारखी घडी असायची. बूट चकचकीत, नखं कापलेली. फुकट जेवायला येणाऱ्या माणसाच्या अंगावर एवढी कडक इस्त्री बघून मला तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. पहिल्याच दिवशी त्यानं मोठीला विचारलं, "माझी बायको आणि मुलगी घर सोडून गेल्यात. इथं आल्यात का?" मोठीनं वाक्य म्हटलं. त्यानं मान डोलावली, रांगेत उभा राहिला, जेवला, स्वतःचं ताट विसळलं आणि मला "छान होतं हो, मावशी" म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि पुन्हा तेच विचारलं. मग रोजच. चिडणं नाही, आवाज चढवणं नाही. दुसरं कुणी चौकशीला आलं, की हा घास तोंडात तसाच धरून मोठीचं उत्तर ऐकत बसायचा.

आणि त्या दोघी वरच होत्या.

तो यायला लागला त्याच्याही आधीपासून. तिचा उजवा हात कोपरात सरळ व्हायचा नाही. कसा मोडला ते तिनं मला एकदा भांडी पुसता पुसता सांगितलं होतं. ते मी इथं सांगणार नाही, पण त्यानंतर इस्त्रीच्या ताटात मी वर न बघताच वाढायचे. दोनदा ती पोलिसांकडे गेली होती, आणि दोन्ही वेळा पोलिसांनीच 'घरातलं भांडण घरात मिटवा' म्हणून तिला त्याच्या दारात नेऊन सोडलं होतं. तिसऱ्यांदा ती आमच्याकडे आली. मागच्या जिन्यानं ये-जा, पुढच्या खिडक्यांचे पडदे बंद. कपडे धुण्याच्या दुकानात तिला काम मिळालं होतं, येत्या आठवड्यात रुजू व्हायचं होतं. त्या आनंदात ती वर गुणगुणत असायची.

मुलीला दमा होता. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायची, म्हणून मी तिला पिपाणी म्हणायचे. नाव दुष्टपणाचं आहे, पण तिला ते आवडायचं. "मी पिपाणी, आई नाही पिपाणी," असं ती जिन्यावर बसून सगळ्यांना सांगायची. आमच्या डॉक्टरांनी तिला औषधाचा पंप दिला होता, तरी काही रात्री वाईट जायच्या. तिची आई दमून झोपलेली असली, की मोठीच तिला मांडीवर उभी धरून बसायची. सिस्टर लोकांनी कुणा एकात जीव अडकवू नये असा म्हणे त्यांचा नियम असतो. मोठीनं तो साफ धाब्यावर बसवला होता. चॅपलमधून येताना ती सरळ जिना चढायची, आणि पिपाणीसुद्धा पावलं ओळखून दार उघडून उभी असायची.

त्या दिवशी पिपाणीची रात्र वाईटच गेली होती. आई वर कपडे धूत होती, आणि मोठीनं जेवणाच्या ऐन वेळी मुलीला हाताला धरून माझ्या स्वयंपाकघरात आणून बसवलं. "पातेल्यांच्या वाफेनं तिला बरं वाटेल," म्हणाली.

"सिस्टर, बाहेर कोण येऊन बसतं ते ठाऊक आहे ना? वर ठेवा तिला."

"खिडकीतून दिसणार नाही अशी बसवते. थोडाच वेळ."

तिच्या डोळ्यांखाली रात्रीचं जागरण दिसत होतं. मी एक टोपली पालथी घालून दिली. पिपाणी शेगडीच्या बाजूला पालथ्या टोपलीवर बसून उकडलेल्या अंड्यांची टरफलं काढायला लागली.

माझ्या आणि जेवणघराच्या मधे वाढपाची खिडकी आहे. खाली लाकडी फळी, तिच्यावर ताटं ठेवायची. माणसं पलीकडून घेऊन जातात. फळीच्या पलीकडे मोठी उभी राहते, पाव देते. त्या दिवशी रांग नेहमीसारखी पुढे सरकत होती, आणि मी मान वर केली तर समोर इस्त्री.

त्यानं ताट उचललं नाही. खिशातून औषधाचा निळा पंप काढला आणि फळीवर ठेवला.

"सिस्टर," तो म्हणाला, "'हो' म्हणू नका, 'नाही' म्हणू नका. तुमचं ते मला आता पाठ झालंय. पण मुलीचा पंप घरी राहिलाय. तिला दमा आहे. हा नसला तर एखाद्या रात्री तिचा जीव जाईल. फक्त ठेवून घ्या."

माझ्या मागे अंड्याचं टरफल फुटण्याचा आवाज थांबला.

मी वळून पाहिलं. पिपाणीनं बापाचा आवाज ओळखला होता. तिच्या तोंडावर भीती होती, आणि सांगायला नको वाटतं, पण भीतीच्या जोडीला थोडा आनंदही होता. तिनं तोंड उघडलं. मी एका हातानं तिचं डोकं माझ्या पोटाशी धरलं आणि दुसऱ्या हातानं नळ पूर्ण सोडला. पाणी रिकाम्या पातेल्यात धडधडा पडायला लागलं. तरी मला तिची छाती लागत होती. शिट्टी सुरू झाली होती, आणि घाबरल्यानं ती चढत चालली होती.

डाव साधा होता, पण असला पाजी डाव मी पाहिलेला नाही. पंप ठेवून घेतला, तर मुलगी इथं आहे. नाही घेतला, तर मुलीच्या जिवावर उठलेली बाई म्हणून जगाला सांगायला हा मोकळा. पण घरात पंप होता, डॉक्टर होता. मोठीनं नेहमीचं वाक्य म्हणायचं होतं आणि पाव द्यायचा होता. एवढंच. मी मनात म्हणत होते, म्हण, बाई, म्हण पटकन.

मोठीनं नळाच्या आवाजातूनही ती शिट्टी ऐकली असणार. रात्रभर तिनं दुसरं काही ऐकलंच नव्हतं. तिचा हात पावाच्या टोपलीवर तसाच राहिला. मग ती बोलली, अगदी हळू, समजूत घालावी तसं.

"नाही. ती इथं नाही. तुम्ही हे दुसरीकडे घेऊन जा."

जेवणघरात चमचे थांबले. तिथं बसलेल्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ होतं. बऱ्याच जणांना घरचे, सावकार नाहीतर पोलीस शोधत होते, आणि त्याच वाक्याच्या भरवशावर ते इथं पाठ दाराकडे करून जेवायचे. रेडिओसुद्धा घास तोंडात धरून गप्प झाला.

इस्त्री क्षणभर मोठीकडे बघत राहिला. मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

"बरं," तो म्हणाला. "थँक्यू, सिस्टर."

त्यानं पंप उचलला, परत खिशात घातला आणि न जेवता निघून गेला. मुलीच्या जिवाची एवढी काळजी असलेला बाप औषध खिशात घालून घेऊन गेला.

मोठी तिथंच उभी होती. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. ज्या घरात कुणालाच 'नाही' म्हणत नाहीत, तिथलं 'नाही' म्हणजेच 'हो', हे तिला कळायला वेळ लागलाच नाही. मी नळ बंद केला आणि पिपाणीला तिचा खरा पंप दिला.

"मावशी, मी काय बोलून बसले?" मोठी म्हणाली.

"तेच, जे तुम्ही त्या म्हातारीला बोलला नाहीत," मी म्हणाले. मला तिची कीव यायला हवी होती, पण तेव्हा नुसता संताप आला होता.

थोड्याच वेळात सगळं दिसायला लागलं. इस्त्री समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होता. मग मागच्या गल्लीत एक गाडी येऊन थांबली, आणि तिला टेकून एक माणूस आमच्या मागच्या जिन्याकडे बघत उभा राहिला. पिपाणीच्या आईनं पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. "माझा दीर," एवढंच म्हणाली. दारं दोन, आणि दोन्हींवर पहारा. जेवणघर उघडं घर, आत यायला कुणाला मनाई नाही. अंधार पडेपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. पोलिसांना बोलवावं, तर ते तिला कुठं पोचवतात ते तिनं दोनदा पाहिलं होतं.

मोठीनं तिला सगळं सरळ सांगितलं. काही लपवलं नाही, घाबरले होते असंही म्हणाली नाही. पिपाणीची आई ऐकत होती आणि कपड्यांच्या घड्या घालत होती. पळून जायची सवय असलेल्या बाईच्या हातांना ते शिकवावं लागत नाही. सगळं पिशवीत भरून झाल्यावर ती म्हणाली, "सिस्टर, माझी नोकरी लागली होती. तुम्हाला एक वाक्य सांभाळता आलं नाही?"

मोठीनं खाली मान घातली. खरंच होतं ते.

अशा वेळेसाठी आमची एक पद्धत आहे. दुसऱ्या गावातल्या कुठल्यातरी घराशी मोठी फोनवर बोलते. ते एका तिसऱ्याच बाईला गाडी घेऊन पाठवतात. कुठल्या घरात नेणार ते तीच ठरवते, आणि ते आम्हाला कधी सांगत नाही. जे ठाऊक नाही ते आमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. गाडी पुढच्या चौकातल्या औषधाच्या दुकानापाशी थांबणार होती. चौकापर्यंत पोचायचं कसं, हाच प्रश्न होता.

मोठी खाली जेवणघरात गेली. जेवणापूर्वी जिथं उभी राहून ती प्रार्थना म्हणते, तिथं जाऊन उभी राहिली. माणसं अजून बसलेली होती. जेवणं कधीच संपली होती, पण कुणी उठलं नव्हतं.

"मी आज चूक केली," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी ती ऐकलीत. माझ्या चुकीमुळे एक बाई आणि एक मूल अडकलंय. त्यांना चौकापर्यंत पोचवायचंय. पण माझ्यासाठी कुणी खोटं बोलावं असं मी सांगणार नाही."

मग रेडिओनं हात वर केला.

"सिस्टर, खोटं बोलायचं आमच्यावर सोडा," तो म्हणाला. "तुम्हाला ते जमत नाही, आत्ताच बघितलं."

एक-दोघं हसले. मोठी हसली नाही, पण तिच्या खांद्यांवरचं ओझं जरासं उतरल्यासारखं दिसलं.

बेत कुणी एकानं असा केला नाही, बोलता बोलता झाला. इस्त्री आईला आणि मुलीला एकत्र शोधणार, तेव्हा त्यांना वेगळं काढायचं. जेवायला येणाऱ्या सगळ्या बायका एकदमच बाहेर पडतील. बाहेर बोचरा वारा होता, त्यामुळे डोक्यावरून शाली घेतल्या तर कुणाला नवल वाटणार नव्हतं. आई मधे चालेल, दुसऱ्याच कुणाची पिशवी घेऊन. दोन मुलं घेऊन येणारी एक धिप्पाड बाई होती. तिनं पिपाणीला आपल्या मुलाची टोपी घातली, खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "आजपासून मला तीन. झोपेचं सोंग घे गं, आणि खोकू नको."

जिन्याखाली मोठी पिपाणीच्या कानांवर टोपी ओढत होती. पिपाणीनं विचारलं, "तू येशील ना तिकडे?" मोठीनं टोपीचा बंद बांधला, पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. मग ती चॅपलमध्ये गेली आणि रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. गाडीचा रंगसुद्धा तिला बघायचा नव्हता.

मी कचऱ्याची बादली उचलून पुढच्या दारात गेले. मला कुणी जायला सांगितलं नव्हतं. पण आत बसून राहिले असते तर माझं काळीज फुटलं असतं.

सगळ्यांच्या आधी रेडिओ गेला. हातात चहाचा कप, चाल जरा झिंगलेल्यासारखी, जरी त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता. तो सरळ इस्त्रीच्या शेजारी पायरीवर जाऊन बसला. "तुमचीपण गेली ना?" त्याचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. "माझीपण गेली. आता बघा, मी तिला काय कमी केलं होतं?" आणि जो सुरू झाला तो थांबेना. इस्त्री अंग चोरून सरकला. रेडिओपण सरकला.

मग बायका निघाल्या. शाली, पिशव्या, मोठमोठ्यानं बोलणं. कुणी माझ्या सुपाला नावं ठेवत होतं, आणि मला वाटतं ते सोंग नव्हतं. इस्त्री उठून उभा राहिला. त्याची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत होती. पिपाणीची आई मधे होती, मान खाली, चालण्याची लय बाकीच्यांसारखीच. तिचा तो सरळ न होणारा हात शालीखाली होता. नजर तिच्यावरून पुढे गेली. मी श्वास सोडला.

धिप्पाड बाई सर्वांत शेवटी होती. दोन पोरं पदराला, तिसरी खांद्यावर. ती पायरीसमोरून जात असतानाच वारा आला आणि पिपाणी खोकली. एकदाच. पण खोकल्यामागून ती बारीक शिट्टी वाजली, आणि आईखेरीज ती जगात दोघांनाच झोपेतही ओळखू आली असती. एक चॅपलमध्ये पाठ करून उभी होती. दुसऱ्यानं गर्रकन मान वळवली.

बादली हातातून सुटली, पण मी इतकी लांब होते की त्या आवाजानं त्याची नजर हटली नाही.

रेडिओनं हातातला चहा इस्त्रीच्या छातीवर ओतला.

चहा कोमटच होता, भाजण्यासारखा नव्हता. पण त्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर तो गळ्यापासून पोटापर्यंत पसरला, आणि इस्त्रीनं खाली पाहिलं. पाहायलाच हवं होतं त्याला. तो तसलाच माणूस होता. त्यानं डाग झटकला, रेडिओची कॉलर धरली आणि कानशिलात वाजवली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तेवढ्यात बायका कोपऱ्यावरून वळल्या होत्या. तो रेडिओला सोडून धावला. वळणापर्यंत गेला, थांबला, इकडेतिकडे बघितलं. मग जागीच उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. चौकातली गाडी निघाली होती.

रेडिओचा ओठ फाटला होता. मी त्याला आत आणून बसवलं, बर्फ दिला. "बघितलंस, मावशी? आमचं जमतं," तो म्हणाला आणि त्याला रडू आलं. मला पण आलं. मोठी चॅपलमधून आली, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि स्वतःच्या रुमालानं त्याचं रक्त पुसायला लागली.

"मी फादरांकडे जाऊन कबुली देणार आहे," ती मला नंतर म्हणाली.

"कसली? खोटं बोललात त्याची, की खोटं वाईट बोललात त्याची?"

ती रक्ताळलेला रुमाल धुवायला नळाकडे वळली. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला तेव्हाही कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्त्री परत आला.

शर्ट वेगळा होता, बाहीवर तीच घडी. त्याला बघून रांग आपोआप मागे सरली. खिडकीसमोर एकटा तो, आतल्या बाजूला मी आणि माझ्या हातात उकळत्या सुपाचा डाव. त्या डावाकडे मी एकदा बघितलं, हे कबूल करते. मोठी पावाची टोपली घेऊन आली आणि आपल्या जागेवर उभी राहिली.

"कुठं पाठवलंत?" त्यानं विचारलं.

"मला माहीत नाही."

"काल खोटं बोललात. आज खरं बोलताय कशावरून?"

"तुम्ही विश्वास ठेवू नका," मोठी म्हणाली. "मी तसंच वागलेय."

त्यानं फळीवरची ताटं एका झटक्यात खाली लोटली. खणखणाट झाला. बाकांवरचे पुरुष उठून उभे राहिले. रेडिओ सुजलेल्या तोंडानं सगळ्यांच्या पुढे होता. मोठीनं त्यांच्याकडे बघून हात खाली केला, बसा म्हणून. ते बसले नाहीत, पण जागचे हललेही नाहीत. इस्त्री फळीवर दोन्ही मुठी टेकवून उभा होता, तोंड मोठीच्या तोंडाशी. तो आता तिला मारणार असं मला वाटलं, आणि तिलाही वाटलं असावं, कारण तिनं डोळे मिटले.

मारलं नाही. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"मुलगी बरी आहे का, एवढं तरी सांगा. काल तिला धाप लागली होती, मी ऐकलं. रात्री झोपली का ती?"

हाही डावच असेल. तो कोपर मी विसरले नव्हते आणि विसरणारही नाही. त्या माणसाच्या तोंडून निघालेला एकही शब्द सरळ असेल यावर माझा आजही विश्वास नाही. पण त्याची हनुवटी थरथरत होती, तेही मी पाहिलं, आणि पाहिलं ते सांगायलाच हवं.

मोठीनं डोळे उघडले. तिला वाक्य म्हणता आलं असतं. मी वाट बघत होते. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा माझ्यासमोर अक्षरशः मोडला.

"मला कोण सांगणार?" ती म्हणाली. "रात्रभर मी तेच विचारत होते, झोपली असेल का म्हणून. तुम्हाला कुणी कळवणार नाही. मलाही नाही. ती जगली, मोठी झाली, शाळेत गेली, आपल्या दोघांना कधीच कळणार नाही. कालच्या माझ्या एका शब्दामुळे तिला जावं लागलं, आणि तुमच्यामुळे तिला इथं यावं लागलं होतं."

त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ती खरं बोलते आहे हे त्याला कळलं, मला ते त्याच्या खांद्यांवरून दिसलं. काल तिच्या खोट्यातून त्याला मुलगी सापडली होती, आणि आज तिच्या खऱ्यातून ती कायमची हरवली. त्यानं फळीवरच्या मुठी उचलल्या, सांडलेली ताटं ओलांडली आणि तो दाराबाहेर गेला. परत आला नाही.

मी बाहेर जाऊन ताटं गोळा केली. मोठी स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर लोक उपाशी ताटकळले होते, सूप आटत होतं, आणि एरवी मी कुणालाही बोलले असते.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं? बरी असेल?"

मला खोटं बोलायला कधीच जड गेलेलं नाही. 'बरी आहे हो, छान खेळत असेल' हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी काहीही सांगितलं असतं तरी तिनं ते खरं मानून घेतलं असतं.

"मला माहीत नाही, सिस्टर," मी म्हणाले, आणि तिला जवळ घेतलं.